पोत्यावरची चिठ्ठी: कोंबडीच्या खाद्यातली अँटिबायोटिक्स आणि औषधाला न जुमानणारे जंतू

लॅबवाली

गेली अकरा वर्षं मी सांगलीत एका लॅबमध्ये कल्चर बघते. लघवीचा नाहीतर पुवाचा नमुना येतो. त्यातला जंतू प्लेटवर पसरायचा, वर निरनिराळ्या अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न वाढलेलं रिंगण पट्टीने मोजायचं. रिंगण मोठं म्हणजे औषध लागू. नोकरीला लागले तेव्हाही रिंगण नसलेल्या चकत्या असायच्याच, पण एखाददुसरी. आता काही प्लेटा अशा निघतात की चकत्या नुसत्या टिकल्या लावल्यासारख्या बसलेल्या, आणि भोवती जंतूंची गर्द साय.

हा चर्चेचा धागा काढायचं निमित्त वेगळं आहे. मागच्या महिन्यात विट्याजवळ मामाकडे गेले होते. त्याचं पाच हजार पक्ष्यांचं ब्रॉयलर (म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांचं) शेड आहे, कंपनीच्या करारावर. शेडच्या तोंडाशी खाद्याची थप्पी. मी सहज विचारलं, "मामा, यात काय काय असतं?" तर म्हणाला, "खाद्य." मी म्हटलं, "अरे खाद्यात काय?" तर म्हणाला, "ते कंपनीला माहीत." पोत्याच्या तोंडाला शिवलेली चिठ्ठी तो दोऱ्यासकट ओढतो आणि बंबात टाकतो. माझी सकाळची आंघोळ त्या चिठ्ठ्यांवर तापलेल्या पाण्याने झाली म्हणायला हरकत नाही.

इथे शेडवाले, पशुवैद्य, फीडमिलमध्ये (खाद्याच्या कारखान्यात) काम केलेले लोक आहेत म्हणून विचारते: त्या चिठ्ठीवर काय असतं? आणि काय नसतं? चिकन खावं की सोडावं हा वाद मला नको आहे. मी दर रविवारी खाते.

पोटोबा

ताई, नेमका रविवारी सकाळी साडेदहाला धागा काढलात. किलोभर चिकन दही-हळद लावून बसलंय. शिजवल्यावर हे जंतू मरतात की नाही तेवढं सांगा, बाकीचं जेवून वाचतो.

लॅबवाली

मरतात. औषधाला दाद न देणारा जंतू विस्तवाला दाद देतोच. रस्सा रटरटला की त्याचा खेळ संपला. भीती शिजवलेल्या चिकनची नसून शिजवण्याआधीच्या अर्ध्या तासाची आहे. चिकन नळाखाली खळखळून धुतलंत का? मग ते पाणी सिंकभर, ओट्यावर आणि शेजारी निथळत ठेवलेल्या काकडीवर उडालं. काकडी काही तुम्ही शिजवणार नाही.

पोटोबा

काकडी फेकली. (खरंच फेकली. बायको विचारतेय काय झालं.)

संशयात्मा

दर दोन वर्षांनी कोंबडीवर काहीतरी बालंट येतंच. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा महाराष्ट्रभर लोकांनी चिकन सोडलं आणि ज्यांच्या शेडचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता तेही धुळीला मिळाले. म्हणून जरा जपून बोला. आपल्याकडे सर्दी झाली की माणूस मेडिकलमध्ये जाऊन "दोन गोळ्या द्या स्ट्राँगवाल्या" म्हणतो, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की उरलेल्या डब्यात. तुमच्या प्लेटवरच्या टिकल्या त्यातून आल्या नाहीत कशावरून?

दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट) या संस्थेने २०१४ मध्ये चिकनचे ७० नमुने तपासले, ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले, केवढा गदारोळ झाला. अंश सापडणं वेगळं आणि घातक प्रमाणात सापडणं वेगळं.

लॅबवाली

मेडिकलवाल्या गोळ्यांचा वाटा मोठा आहे, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. माझ्या एखाद्या पेशंटचा जंतू कोंबडीतून आला की औषधाच्या दुकानातून, हे प्लेट बघून मला सांगता येत नाही. कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

पण मांसातला औषधाचा अंश ही एक गोष्ट आणि कोंबडीच्या आतड्यात तयार झालेला जंतू ही दुसरी. वर्तमानपत्रं दोन्हींची एकच भाजी करतात.

खुराकवाले डॉक्टर

लॅबवाली ताईंनी नस पकडली. मी पशुवैद्य, आता निवृत्त. त्यातली बारा वर्षं फीडमिलमध्ये गेली, त्यामुळे थोडं पाप माझ्याही पदरात आहे.

आधी हे खाद्यात आलं कसं ते सांगतो. १९४०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लेडर्ली कंपनीत थॉमस जुक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टॅड पिल्लांसाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. क्लोरटेट्रासायक्लिन बनवल्यावर उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना घातला आणि पिल्लं अपेक्षेपेक्षा भराभर वाढली. कारण चोथ्यात उरलेलं चिमूटभर अँटिबायोटिक. तिथून जगभर खाद्यात चिमूट पडायला लागली. रोग बरा करायला लागणाऱ्या मात्रेपेक्षा कितीतरी कमी, पण रोज, आणि शेडमधल्या प्रत्येक पक्ष्याला.

हे "कमी पण रोज" लक्षात ठेवा. जंतू मारायचा तर औषध भरपूर द्यावं लागतं. थोडं थोडं दिलं तर मरतात ते दुबळे, आणि उरलेल्यांना मोकळं रान मिळतं. शिवाय जंतूंची विद्या आईकडून लेकराकडेच जाते असं नाही. शेजाऱ्यालाही देतात. परीक्षेत कॉपीची चिठ्ठी मागच्या बाकावर सरकवतात ना, तसा प्लास्मिड नावाचा डीएनएचा छोटा वेटोळा एक जंतू दुसऱ्याला देतो, दुसऱ्या जातीच्या जंतूलासुद्धा. पुष्कळदा एकाच चिठ्ठीवर चार-पाच औषधांची उत्तरं लिहिलेली असतात. म्हणून टेट्रासायक्लिन खाणाऱ्या कोंबडीत भलत्याच औषधाला न जुमानणारा जंतू निघतो.

स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७०च्या दशकात बोस्टनजवळच्या एका शेतावर हे करून दाखवलं. पिल्लांच्या एका गटाला टेट्रासायक्लिन घातलेलं खाद्य, दुसऱ्याला साधं. आठवड्याभरात औषधवाल्या पिल्लांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे ई. कोलाय (आतड्यात नेहमी असणारे जंतू) त्या औषधाला प्रतिकारक झाले. पुढच्या काही महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या कुटुंबाच्या पोटातही तसे जंतू वाढलेले सापडले. त्यांनी त्या कोंबड्या खाल्ल्या नव्हत्या, फक्त सांभाळल्या होत्या.

आता कोलिस्टिन हे अँटिबायोटिक. संशयात्मा, हे तुमच्या "अंश" वाल्या मुद्द्याला उत्तर आहे. हे औषध आतड्यातून रक्तात फारसं शोषलंच जात नाही. त्यामुळे मांसात त्याचा अंश जवळजवळ येत नाही. आम्ही मिलमध्ये हेच अभिमानाने सांगायचो, "साहेब, एकदम सेफ, रेसिड्यू नाही." आणि जंतू कुठे असतात? आतड्यातच. म्हणजे मांस तपासणाऱ्याला काही सापडणार नाही आणि खरा कारभार विष्ठेतून शेडभर पसरलेला. हे मला कळायला २०१५ उजाडलं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये चिनी संशोधकांनी एमसीआर-१ हे जनुक जाहीर केलं. डुकरांत, दुकानातल्या कोंबडीच्या मांसात आणि इस्पितळातल्या रुग्णांतही ते सापडलं. कोलिस्टिनला निष्प्रभ करणारं, आणि प्लास्मिडवर बसलेलं. चिठ्ठी सरकवायला तयार.

लॅबवाली

कोलिस्टिनबद्दल इथल्या वाचकांसाठी थोडं. हे जुनं औषध, १९४०च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये सापडलेलं. मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून १९७०च्या सुमारास डॉक्टरांनी ते जवळजवळ टाकून दिलं. पुढे आयसीयूतले क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर हे जंतू बाकी कशालाच ऐकेनात, तेव्हा अडगळीतून परत काढलं. आज ते शेवटच्या काही काड्यांपैकी एक आहे.

आमच्या धंद्यातली एक गंमत (गंमत कसली). कोलिस्टिनचा रेणू मोठा आहे, प्लेटवरच्या अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) नीट पसरत नाही. त्यामुळे चकती ठेवून रिंगण मोजायची आमची पद्धत त्याला चालत नाही, चुकीचं उत्तर येतं. द्रवात औषधाच्या उतरत्या मात्रा करून जंतू कुठवर तग धरतो ते बघावं लागतं. ते वेळखाऊ आणि महाग, छोट्या लॅबा करत नाहीत. म्हणजे ज्या औषधाबद्दल सगळ्यांत जास्त खात्री हवी, नेमकं त्याचंच रिंगण दिसत नाही.

माळावरचा

राम राम. आपलं शेड खानापूर तालुक्यातच, ताईंच्या मामांना कदाचित ओळखतही असेन. चौदा वर्षं करारावर पक्षी सांभाळतोय. इथे शेतकऱ्याला फार बोल लागायच्या आत बाजू सांगतो.

करार म्हणजे काय, तर एक दिवसाचं पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, पक्षी उचलायचा दिवसही कंपनी ठरवणार. आपलं काय, तर शेड, वीज, पाणी, पक्ष्यांखाली अंथरायचं तूस, मजूर आणि रात्रीची झोप. दोन किलोच्या आसपास पक्षी झाला की लॉट उचलतात आणि किलोमागे ग्रोइंग चार्ज देतात. एफसीआर बिघडला, म्हणजे किलोभर वजनाला खाद्य जास्त लागलं, की चार्ज कापला. मरतुक वाढली की चार्ज कापला. मग सुपरवायझर बाटली देऊन गेला आणि म्हणाला पाण्यात सोडा, तर आपण सोडणार का नाही? तुम्ही असता तर काय केलं असतं?

कोलिस्टिनची पुडी मी स्वतः वापरलीय. पक्ष्यांना जुलाब लागले की द्यायची आणि लागू नयेत म्हणूनही द्यायची. २०१९ नंतर ती पुडी बंद झाली. का बंद झाली ते कोणी सांगितलं नाही. हा धागा वाचून आज कळलं.

आणि चिठ्ठीचं म्हणाल तर ती इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. प्रोटीन किती, फायबर किती, ओलावा किती. औषधाचं नाव मी तरी वाचलेलं आठवत नाही.

खुराकवाले डॉक्टर

माळावरचा दादा, राग मानू नका, तुम्हाला कोणी बोल लावत नाहीये. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९ जुलै २०१९ ला अधिसूचना काढून अन्नासाठी पाळलेले प्राणी, कोंबड्या, मत्स्यशेती आणि पशुखाद्यातली पूरकं या सगळ्यांसाठी कोलिस्टिनचं उत्पादन, विक्री, वितरण बंद केलं. तुमची पुडी म्हणून गेली. हे प्रत्येक शेडवर कोणीतरी येऊन सांगायला हवं होतं.

चीनने त्याआधीच, २०१७ च्या एप्रिलपासून, कोलिस्टिन वाढीसाठी खाद्यात घालायला मनाई केली. तिथे कोलिस्टिन प्रीमिक्सचं (खाद्यात मिसळायच्या मिश्रणाचं) उत्पादन २०१५ मध्ये २७ हजार टनांच्या वर होतं, २०१८ मध्ये अडीच हजारांवर आलं. पुढच्या तपासण्यांत डुकरांत, कोंबड्यांत आणि माणसांतही एमसीआर-१ कमी झालेलं दिसलं. नळ बंद केला की डबकं आटतं, निदान या औषधापुरतं तरी.

आता दुसरी गोष्ट, जी मला मिलमध्ये असताना कायम टोचायची. आपल्या औषध नियमांत २०१२ पासून असं आहे की जनावराला दिलेल्या औषधाच्या लेबलवर, ते दिल्यावर किती दिवस मांस-अंडी विकायची नाहीत ते लिहायचं. त्या औषधासाठी मुदत ठरलेली नसेल तर दूध-अंड्यांना कमीत कमी ७ दिवस आणि कोंबडीच्या मांसाला २८ दिवस. आता हिशोब करा. ब्रॉयलरचं अख्खं आयुष्य पाच-सहा आठवड्यांचं. २८ दिवस थांबायचं तर औषध पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच संपवायला हवं. आणि रोग येतो कधी? पक्षी मोठा झाला, शेडमध्ये दाटी झाली, तूस ओलं झालं की, म्हणजे चौथ्या आठवड्यात. औषध खाद्यातूनच जात असेल तर शेतकऱ्याला मुदत मोजायला तारीख तरी कुठून मिळणार?

द्राक्षबाग तासगाव

एक शंका. आम्ही बागेला कोंबडीखत घालतो. त्यातही हे जंतू असतात का?

खुराकवाले डॉक्टर

असतात. सीएसईनेच २०१७ मध्ये उत्तर प्रदेश, हरियाणा, राजस्थान, पंजाबातल्या शेडांमधलं तूस आणि आसपासची माती तपासली होती, त्यात अनेक औषधांना न जुमानणारे ई. कोलाय निघाले. ताजं खत उचलून थेट घालू नका. ढीग लावून नीट कुजवा, आतून चांगलं तापलं पाहिजे, मधे पालटा. उष्णतेने बरेच जंतू मरतात. खत पसरणाऱ्या माणसाने तोंडाला फडकं बांधावं, हात धुवावेत. भाजीपाल्याला ताजं खत अजिबात नको. द्राक्षाचा घड निदान वर लटकलेला असतो, कोथिंबीर जमिनीला टेकलेली असते.

उत्तरवारा

डेन्मार्कहून लिहितोय. मूळचा कराडचा, इथे ऑरहूसजवळ अन्नप्रक्रियेत काम करतो. कोंबडीवाल्यांच्या देशात राहतो म्हणायला हरकत नाही (डुकरंवाल्यांच्या म्हणणं जास्त खरं).

इथली कथा ॲव्होपार्सिनपासून सुरू होते. वाढीसाठी खाद्यात घालायचे. ते माणसांना देतात त्या व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकचं सख्खं चुलत भावंड. व्हॅन्कोमायसिनला न जुमानणारे एन्टेरोकॉकस जंतू कोंबड्यांत सापडायला लागले तेव्हा डेन्मार्कने १९९५ मध्ये ते बंद केलं, युरोपीय संघाने १९९७ मध्ये. त्याच १९९५ मध्ये इथे डॅनमॅप सुरू झालं: जनावरं, मांस आणि माणसं या तिन्हींतले जंतू आणि औषधांचा वापर एकाच वहीत नोंदवायचा. १९९८ मध्ये ब्रॉयलरवाल्यांनी स्वतःहून सगळी वाढवर्धक अँटिबायोटिक्स सोडली. युरोपभर बंदी यायला २००६ चा १ जानेवारी लागला.

आणि कोंबड्या मेल्या नाहीत. एफसीआर किरकोळ बिघडला, मरतुक वाढली नाही. वाचलेल्या औषधाच्या पैशात तो बिघाड जवळपास भरून निघाला. डुकरांच्या पिल्लांत मात्र सुरुवातीला जुलाब वाढले, उपचारासाठीची औषधं वाढली, हेही सांगायला हवं.

संशयात्मा

डेन्मार्कचं शेड आणि विट्याचं शेड यांची तुलना? तिथे बंद, वातानुकूलित घरं. इथे पडदे वर-खाली करून पक्षी वाढतो, मे महिन्यात ४२ डिग्री. औषध हे इथे व्यवस्थेच्या जागी उभं केलेलं बुजगावणं आहे. ते काढायचं तर आधी राखणदार नेमा.

लॅबवाली

संशयात्मा, हे वाक्य धाग्यातलं सगळ्यांत चांगलं आहे आणि तुम्ही माझ्या बाजूने बोललात हे तुमच्या लक्षात आलंय ना?

संशयात्मा

आलंय. पुसता येत नाहीये.

माळावरचा

राखणदाराचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या शेडला सारखे जुलाब, सारखी बाटली. मग एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी येऊन पक्षी बघितलाच नाही, टाकीत हात घातला. आत बोटभर शेवाळ. पाइपलाइन तर मी शेड बांधल्यापासून धुतलीच नव्हती. टाकी घासली, पाइप धुऊन काढले, पाण्यात क्लोरीन सुरू केलं, तूस रोज हलवायला लागलो, दोन लॉटच्या मध्ये शेड नीट रिकामं ठेवलं. पुढच्या लॉटला बाटली एकदाच लागली. सुपरवायझर म्हणाला, "तुझं नशीब." त्याला काय सांगणार.

शेवंती

मी फक्त स्वयंपाकघरापुरतं विचारते. गावरान घेतली तर हा प्रश्न सुटतो का? आणि खाद्यात औषध नसलं तरी खाद्यातून जंतू येतात, असं वाचलं, ते खरं?

खुराकवाले डॉक्टर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो कोणी विचारत नाही. हो, येतात. मका आणि सोयापेंड हा खाद्याचा कणा. त्यात मासळीची भुकटी, मांस-हाडांचा चुरा घातला असेल तर साल्मोनेला हा जुलाब लावणारा जंतू त्यातून येऊ शकतो, आणि तो आधीच कुठल्यातरी जनावराच्या पोटातून औषध पचवून आलेला असू शकतो. खाद्याच्या गोळ्या बनवताना वाफेने माल ८० अंशांच्या वर तापतो, तिथे बहुतेक जंतू मरतात. पण मग गोळ्या थंड करणाऱ्या यंत्रात बाहेरची हवा, धूळ आणि गोदामात उंदीर. आमच्या मिलमध्ये गरम भागाला सगळे जपायचे आणि थंड भागाच्या छताला पाझर होता. तिथल्या थेंबांकडे कोणाचं लक्ष नसायचं.

गावरानचं म्हणाल तर परसात फिरणारी, उकिरडा उकरणारी असेल तर खाद्यातली चिमूट तिच्यापर्यंत जात नाही. पण हल्ली "गावरान" म्हणून विकतात त्यातल्या कित्येक शेडमध्येच, पोत्यातल्याच खाद्यावर वाढतात. पिसांचा रंग बघून खाद्य कळत नाही.

लॅबवाली

शेवंतीताई, घरासाठी एवढंच: चिकनची सुरी-पाट वेगळा, धुवायचंच असेल तर भांड्यात हलक्या हाताने, आणि नंतर हात साबणाने. दुकानातल्या लाकडी ठोकळ्याकडे बघू नका, बघितलात तर खाणार नाही.

लॅबवाली

धागा वर काढतेय. मामाने काल नवा लॉट आला तेव्हा चिठ्ठी बंबात न टाकता फोटो पाठवला. वाचता आलं ते असं: ब्रॉयलर फिनिशर (शेवटच्या टप्प्याचं खाद्य), प्रथिनं, मेद, तंतू, ओलावा यांचे आकडे, मका, सोया डीओसी (तेल काढलेली पेंड), तांदळाचा कोंडा, तेल, खनिजं, जीवनसत्त्वं, आणि शेवटी "इतर मान्य पूरक घटक". बस.

खुराकवाले डॉक्टर

"इतर मान्य" मध्ये सगळं मावतं. आम्ल, प्रोबायोटिक, कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीवरचं औषध, आणि बॅसिट्रासिन किंवा एन्रामायसिनसारखं अँटिबायोटिक असलं तर तेही. या दोघांचा माणसाच्या औषधांशी संबंध कमी, क्लोरटेट्रासायक्लिन किंवा टायलोसिन असलं तर जास्त. पण कोणतं आहे हे कळल्याशिवाय बोलणार काय? भारतीय मानक ब्यूरोचं कोंबडी खाद्याचं मानक आहे, आयएस १३७४. पोत्यावर तो आकडा आहे का बघायला सांगा. आणि मामांनी कंपनीला लेखी विचारावं: या खाद्यात कोणतं अँटिबायोटिक आहे, किती आहे, उचलण्याआधी किती दिवस बंद करायचं. तोंडी नको. तोंडी विचारलं की तोंडी उत्तर येतं.

माळावरचा

मीपण विचारतो. एकट्याने विचारलं तर पुढचा लॉट उशिरा येतो, असा अनुभव आहे. ताई, मामांना म्हणावं आमच्या रस्त्यावरची सहा शेडं मिळून एकच अर्ज करू. अर्ज मराठीत लिहून द्या कोणीतरी.

संशयात्मा

मी लिहितो. व्यक्तिगत निरोपात पत्ता द्या.

पोटोबा

आणि मी काकडी परत आणलीय.